सावरीच्या पोटातला आवाज

मित्रांनो, पुण्यातल्या एका टेकडीवर वनखात्याची छोटीशी चौकी आहे. तिच्या दाराआड खिळ्याला एक जुना स्टेथोस्कोप लटकलेला दिसेल. नळीला तडे गेलेले, चकतीवरची चकाकी उडालेली, कानात घालायच्या दोन बोंडांपैकी एक काळे आणि एक करडे. तो मी. चौकीत कोयता असावा, दोरखंड असावा, वणवा विझवायचे झाडू असावेत. डॉक्टरांच्या गळ्यातली वस्तू इथे काय करते, असे येणारा प्रत्येक जण विचारतो. ते सांगायचे तर मला माझ्या भीतीबद्दल सांगावे लागेल, कारण मी पहिल्यापासून भित्रा आहे.

माझे कामच तसे आहे. मला बोलता येत नाही, नुसते ऐकता येते. जे ऐकले ते नळीतून वर पाठवायचे, एवढेच माझ्या हातात. वरच्या कानांनी ते घेतले तर बरे. नाही घेतले, तर मी ते एकट्याने धरून बसतो.

एका कारखान्यात माझी नळी, चकती आणि पातळ पडदा एकत्र आले आणि खोक्यात बंद होऊन मी बुधवार पेठेतल्या एका दुकानात आलो. शेजारच्या दुकानांत रेडिओ, पंखे, पुस्तके. रस्त्यावरून ढोल-ताशे गेले की कपाटाची काच थरथरायची आणि खोक्यातला माझा पडदाही. मला वाटायचे, जग म्हणजे असाच दणदणाट असणार. मग एके दिवशी नुकतीच डॉक्टर झालेली एक तरुण मुलगी आली. तिने दोन-तीन स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीला लावून पाहिले, मला लावले आणि म्हणाली, “हा नीट ऐकतो.” माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. तिचे नाव उल्का गद्रे.

उल्काताईंनी दवाखाना थाटला खराडीत. तेव्हा तिथे ज्वारीची शेते होती. खोकणारे म्हातारे, बाळंतिणी, धापा टाकणारी पोरे असे पेशंट यायचे. पुढे शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुले “डॉक्टर, हार्टबीट फास्ट वाटतात” असे सांगत बाकावर बसू लागली. सगळ्यांच्या छातीला मी लागलो. चकती टेकायच्या आधी दर वेळी मी घाबरायचो. आत काय ऐकू येईल, किंवा काहीच ऐकू आले नाही तर, या विचाराने. गावातल्या जगतापांची राजनंदिनी दम्याने हैराण व्हायची. तिच्या फुप्फुसातली शिट्टी ऐकताना तर मला वाटायचे, ही शिट्टी थांबूही नये आणि वाजूही नये. पण उल्काताईंचे कान तेव्हा तिखट होते. मी कुजबुजलो तरी त्यांना कळायचे. पेशंट म्हणायचे, बाईंच्या नळीतून काही सुटत नाही. त्या माझा पडदा रोज मऊ कापडाने पुसायच्या.

अशी पुष्कळ वर्षे गेली. मग हळूहळू उल्काताई पेशंटला तेच पुन्हा सांगायला लावू लागल्या. घरी टीव्हीचा आवाज वाढला. स्वयंपाकाला येणाऱ्या सुंदराबाई आतून हाक मारायच्या आणि ताईंची मान वळायची नाही. मला ते सगळ्यांच्या आधी कळले होते. मी आवाज पाठवायचो आणि त्या चकती पुन्हा पुन्हा दाबून धरायच्या. काही चूक होण्याच्या आत त्यांनी दवाखाना बंद केला. लोकांना सांगितले, आता दगदग झेपत नाही. कानांचे नाव त्यांनी कुणापाशी काढले नाही, स्वतःपाशीही नाही. मी कपाटाच्या खणात गेलो. बामच्या डबीशेजारी, गंजलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर. नळी कडक होत गेली, तडे पडले. तिथे अंधार होता, पण खोटे कशाला बोलू, मला सुटल्यासारखे वाटले. आता काही ऐकावे लागणार नव्हते.

उल्काताई रोज सकाळी या टेकडीवर फिरायला यायच्या. टेकडीच्या एका अंगाला काटेसावर आणि उंबरांचे रान आहे, वनखात्याचे. तिथे सकाळी फिरणाऱ्यांचे एक मंडळ होते आणि मंडळाचे सर्वेसर्वा होते श्रीनिवास केतकर, पोस्टातून निवृत्त झालेले. हा माणूस उन्हाळाभर खालून पाण्याचे कॅन वाहून रोपांना पाणी घालायचा. त्यांनी वाटेवर पाट्या लावल्या होत्या. एक पाटी अशी होती : ‘झाडाच्या सालीवर आपले व प्रिय व्यक्तीचे नाव कोरू नये. झाडास आपल्या प्रेमात रस नाही.’ लोक पाटीचा फोटो काढायचे आणि चार पावलांवर नावे कोरायचे. केतकर मग चाकूची ती जखम शेणमातीने लिंपत बसायचे.

त्या रानाच्या मध्यावर एक जुनी सावर होती. तिच्या बुंध्याला तिघांनी हात धरले तरी वेढा पुरा व्हायचा नाही. खाली दगडी कट्टा. मंडळ तिथेच बसायचे, तिथेच प्राणायाम, तिथेच वाढदिवसाचे पेढे.

एका हिवाळ्याच्या शेवटी रानातली काही झाडे शेंड्याकडून वाळायला लागली. वनरक्षक संपत मेश्राम, मूळचा भंडाऱ्याकडचा, रोज गस्त घालायचा. त्याला वाळलेल्या झाडांच्या बुडाशी भुसा दिसला, सुताराच्या कामाखाली पडतो तसा. सालीला बोटभर भोके होती आणि त्यांतून तपकिरी रस ओघळत होता. त्याने वर कळवले. वनक्षेत्रपाल मॅडम जीपमधून आल्या. ती राजनंदिनी. दम्याची ती मुलगी आता खाकी कपड्यांत टेकड्या चढत होती.

वाळलेले एक झाड त्यांनी पाडले आणि ओंडका फोडला. आत बोगदे होते आणि बोगद्यांत अळ्या, पिवळट पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या जाड, तोंडाशी काळा जबडा. राजनंदिनीने जमलेल्यांना सांगितले की हा खोडकिडा आहे, आंब्याच्या बागेत यालाच भिरूड म्हणतात. लांब मिशांच्या भुंग्याची मादी सालीत अंडे घालते. झाड थकलेले असेल, साल कुठे कापलेली असेल, तर तिला आयतेच फावते. अळी आतून लाकूड खात राहते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिचा भुंगा होऊन बाहेर पडतो आणि पुढच्या झाडावर जातो. म्हणजे जे करायचे ते पावसाच्या आत. ज्या झाडात थोडे आहे त्याच्या भोकांत औषधाचा बोळा घालून माती लिंपायची. ज्याचे पोट पोखरले आहे ते तोडून जाळायचे, नाहीतर पुढच्या वर्षी अख्खे रान जाईल.

अडचण एवढीच होती की कुठल्या झाडात किती आहे हे बाहेरून कळत नव्हते. संपत सालीला कान लावून पाहत होता. तेव्हा उल्काताई म्हणाल्या, “कान कशाला लावतोस? माझ्याकडे नळी आहे.”

हे सगळे मी पुढे चौकीत ऐकले. अशा रीतीने मी खणातून बाहेर आलो. एक बोंड हरवले होते. सुंदराबाईंनी कुठून तरी करडे आणून बसवले.

पहिल्या झाडाला माझी चकती टेकली तो क्षण मी विसरू शकत नाही. माणसाच्या छातीत आवाज असला की जीव आहे असे समजायचे, हे मी जन्मभर शिकलो होतो. इथे आवाज आला आणि मी गारठलो. कर्र, कर्र, मग थांबणे, मग पुन्हा कर्र. ओला ऊस कुणीतरी सावकाश चावत असावे तसा. एक नव्हे, वर एक, खाली दोन, अगदी पडद्याच्या पलीकडे आणखी एक. झाड हलत नव्हते, ओरडत नव्हते. वर पाखरे बसली होती. आणि आत हे चालले होते.

उल्काताईंना तो आवाज आला. जोरातला होता, म्हणून आला. त्यांचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, “अजून ऐकू येतं मला.” कुणाला उद्देशून म्हणाल्या ते कुणाला कळले नाही. मला कळले.

मग रोजची सकाळ अशीच जाऊ लागली. उल्काताई ऐकायच्या, संपत चुन्याने खूण करायचा. एक पट्टा म्हणजे औषध, फुली म्हणजे तोड. ताईंना उमेद आली होती, पाठ ताठ झाली होती. लोक पुन्हा त्यांना डॉक्टर म्हणून विचारत होते. मी मात्र दर झाडाला घाबरत होतो, कारण मला जेवढे ऐकू येत होते तेवढे वर पोचत नव्हते. एका उंबराच्या बाबतीत असे झाले. आत बारीक कुरतडणे होते, ताईंनी ‘काही नाही’ अशी मान हलवली आणि पुढे गेल्या. सुदैवाने संपतला सालीवर भोक दिसले आणि त्याने तिथे बोळा घातला. पण दर वेळी भोक दिसेलच असे थोडेच होते?

शेवटी मधल्या मोठ्या सावरीची पाळी आली. त्या वर्षी ती कधी नव्हे इतकी फुलली होती. पान एक नाही, सगळी फांदी लाल. खाली फुलांचा सडा, वर मैना आणि बुलबुलांचा कालवा. मंडळाने ठरवले होते की येत्या रविवारी खालच्या वस्तीतल्या मुलांना कट्ट्यावर बोलवायचे, फुलांची चित्रे काढून घ्यायची. केतकरांनी रंगीत कागदही आणून ठेवले होते. नळी घेऊन येणाऱ्या ताईंना पाहून ते उठून उभे राहिले. त्यांनी स्पष्टच सांगितले की इतर झाडांबद्दल आपण एक शब्द बोललो नाही, पण या झाडावर फुली मारायची असेल तर आधी आपल्यावर मारावी. शिवाय फुलोरा बघा, हे काय आजारी झाडाचे लक्षण आहे?

उल्काताईंनी चकती बुंध्याला लावली.

मित्रांनो, ती साल जाड होती, जुन्या कातड्यासारखी. आवाज तिच्यातून गाळून गाळून येत होता, खोलवरून, मुळांच्या बाजूने. पण काय आवाज होता तो. मी मोजायचा प्रयत्न सोडून दिला. जिकडून तिकडून कुरतडणे चालले होते, आणि त्यामागे एक पोकळ घुमणे होते, रिकाम्या हौदात असते तसे. आत लाकूड उरलेच नव्हते. मला कळले की ही सावर उभी आहे ती नुसत्या सालीवर आणि वरच्या कातडीएवढ्या लाकडावर. तिने अंगातले होते नव्हते ते फुलांत घातले होते. आणि खाली, कट्ट्यावर, माणसे बसली होती.

मी सगळे वर पाठवले. ताईंनी डोळे मिटले, चकती दाबली, दोन ठिकाणी सरकवली. मग बोंडे कानातून काढून त्या म्हणाल्या, “स्वच्छ आहे.”

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. केतकरांनी संपतला चहा पाजला. राजनंदिनीने विचारले, “नक्की ना, ताई?” तिच्या दम्याच्या दिवसांपासून ताईंचा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता. ताई म्हणाल्या, नक्की.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. रोज ताईंच्या गळ्यात लटकून मी त्या कट्ट्यापाशी जायचो. ताई कट्ट्यावर बसायच्या आणि माझी चकती कधीकधी दगडावर टेकायची. दगडातूनही मला ते ऐकू यायचे. वारा सुटला की वर फांदी कण्हायची आणि खाली केतकर हसतखेळत योगासने करायचे. मला वाटायचे, आता पडेल. पडायची नाही. मग वाटायचे, उद्या पडेल. कट्ट्याच्या एका कडेला पिवळसर भुसा जमू लागला होता, पण तो लाल फुलांखाली झाकला जात होता आणि मंडळाची माणसे कट्टा रोज झाडून स्वच्छ ठेवत होती. इतक्या प्रेमाने झाडत होती की खूणही शिल्लक राहत नव्हती. जवळ कुणी ओरडणारे असते तर, असे माझ्या मनात येई. मी एक नळी. मला तोंड नाही.

शनिवारी सकाळी उल्काताईंना चढताना थोडे धडधडले होते. घरी आल्यावर खुर्चीत बसून त्यांनी सवयीने मला कानात घातले आणि चकती स्वतःच्या छातीला लावली. मी त्यांचे हृदय ऐकले. जोरात चालले होते, पण ताल नीट होता. मी तो वर पाठवला.

त्यांनी चकती सरकवली. पुन्हा सरकवली. नखाने पडद्यावर टिचकी मारून पाहिली. आपल्या छातीत त्यांना काहीच ऐकू येत नव्हते. थोडा वेळ त्या माझ्या तडे गेलेल्या नळीकडे बघत राहिल्या. दोष माझा असावा असे त्यांना फार वाटत होते, आणि मलाही वाटत होते की तो माझा असता तर बरे.

त्यांनी सुंदराबाईंना हाक मारली. हात पुसत त्या बाहेर आल्या. लोणी काळभोरहून रोज बसने येणारी, कुणाला न भिणारी बाई. ताईंनी बोंडे त्यांच्या कानात घातली आणि चकती स्वतःच्या छातीवर धरली.

“काही ऐकू येतं?”

“लई जोरात धडधडतंय की, बाई,” सुंदराबाई म्हणाल्या. “बरं वाटत न्हाई का? डागदरला बोलवू?”

ताईंनी ‘नको’ अशी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पाणी मागितले, घोट घेतला आणि ग्लास तसाच हातात धरून ठेवला. मला त्यांच्या मनातले माहीत नाही, पण त्यांच्या छातीवर मी अजून टेकलेला होतो आणि तिथे काय चालले होते ते मला ऐकू येत होते. मग त्या उठल्या, चपला घातल्या आणि पुन्हा टेकडी चढायला लागल्या.

कट्ट्यावर मंडप उभा राहत होता. केतकर शिडीवर चढून फांदीला कागदी माळा बांधत होते. संपत खाली शिडी धरून उभा होता. ताई धापा टाकत पोचल्या आणि त्यांनी सगळ्यांना झाडापासून लांब व्हायला सांगितले. केतकर शिडीवरून उतरले, सावकाश, कपाळाला आठ्या घालून.

“डॉक्टर, त्या दिवशी आपणच स्वच्छ म्हणालात. चार दिवसांत झाड आजारी पडलं की आपण?”

“मी,” उल्काताई म्हणाल्या. “मला ऐकू येत नाही, केतकर. बरेच दिवस येत नाहीये. त्या दिवशीही आलं नव्हतं. मला आलं नाही, म्हणून मी नाही म्हटलं.”

मंडपाचे बांबू बांधणाऱ्यांचे हात थांबले. उल्काताईंनी मला गळ्यातून काढून केतकरांपुढे धरले. “आपण ऐका. आपल्याला काही आलं नाही, तर कार्यक्रम इथेच करा.”

केतकरांना मला कानात घालणे जमेना, बोंडे उलटी बसली. संपतने नीट करून दिली. त्यांचा हात माझ्या चकतीवर घामेजला होता. त्यांनी ती बुंध्याला लावली. जिथे त्यांनी चाकूच्या जखमेवर शेणमाती लिंपली होती, त्याच्या थोडे खाली.

मी जेवढे होते तेवढे सगळे दिले. माझ्या तड्यांतून काही सांडू नये एवढीच धडपड केली.

चकती घेऊन केतकर बुंध्याभोवती फिरले, वाकून मुळांशी लावली, पुन्हा वर आले. एका ठिकाणी ते फार वेळ थांबले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. शेवटी त्यांनी बोंडे काढली, संपतच्या हातात दिली आणि म्हणाले, “मंडप काढा. माळा राहू द्या वर. कुणी चढायचं नाही.”

संपतने दोरखंड आणून झाडाभोवती मोठे कडे केले. मुलांचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी खाली देवळाच्या ओट्यावर झाला. केतकर तिथे गेले नाहीत. ते दोराच्या बाहेर एका दगडावर बसून होते, कुणी आत जाऊ नये म्हणून.

राजनंदिनीने तोडणाऱ्या माणसांची जुळणी केली. त्यांनी वरच्या बाजूच्या खडकाला दोर बांधले. झाड चढाच्या बाजूला पडावे असा बेत होता. मी संपतच्या गळ्यात होतो. करवत लागली आणि जेमतेम साल आणि वीतभर लाकूड कापले असेल, तोच आतून एक आवाज आला. तो ऐकायला माझी गरज नव्हती. माणसे ओरडत मागे पळाली. सावर जागच्या जागी पिळवटली, दोर सुतळीसारखे तुटले, आणि ती चढाकडे न पडता उताराकडे, कट्ट्यावर आडवी झाली. कट्ट्याचे दगड फुटून वाटेवर आले. पाखरे उडाली. लाल फुले उसळून सगळ्यांच्या अंगावर पडली.

मग संपत पुढे गेला. बुंध्याच्या पोटात त्याचा हात खांद्यापर्यंत गेला आणि त्याने मूठ बाहेर काढली. ओला भुसा आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. काहींचे कोष व्हायला लागले होते, भुंग्याच्या मिशांचा आकार दिसत होता. अजून काही आठवडे गेले असते तर त्यांना पंख फुटले असते.

उल्काताई मोडलेल्या कट्ट्याकडे पाहत होत्या. राजनंदिनी त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली.

मंडळातल्या काहींना त्या लाकडाची आठवण म्हणून एक फळी हवी होती. कुणाला अंगणात बाक करायचा होता, कुणाला फळीवर सावरीचे नाव कोरून घ्यायचे होते. राजनंदिनीने सांगितले की एक ढलपीही खाली जाणार नाही, कारण त्या फळीतून आलेला एक भुंगा घरामागच्या आंब्यावर बसायला वेळ लागत नाही. कुरकुर झाली. तेव्हा केतकर उठले. त्यांनी स्वतः बाजूला ठेवलेला एक गोल तुकडा उचलला आणि खणलेल्या खड्ड्यात नेऊन टाकला. मग बाकीचेही हाताशी येईल ते लाकूड उचलून आणू लागले. पाण्याचा टँकर शेजारी उभा करून, आग पसरू न देता, त्यांनी ती सगळी लाकडे जाळली. त्या धुरात मी होतो. आत चटचट आवाज होत होते. मला अळ्यांची दया आली असे मी म्हणणार नाही, पण सावरीची आली.

त्यानंतर उल्काताईंनी आधी ऐकलेले प्रत्येक झाड दुसऱ्या कानांनी पुन्हा ऐकवून घेतले. त्यांचा हट्टच होता तो. केतकरांनी ऐकले, संपतने ऐकले, मंडळातल्या इतरांनी ऐकले. ताई शेजारी उभ्या राहून शिकवायच्या : चकती कशी टेकायची, पाखरू उडाले तर थांबायचे, आपला श्वास आधी शांत करायचा. ज्यांना त्यांनी स्वच्छ म्हटले होते त्यांतल्या काहींत आवाज निघाला. दर वेळी त्या मान खाली घालून संपतला म्हणायच्या, “लाव खूण.” पण जिथे वेळेत कळले तिथे बोळे बसले, माती लिंपली गेली, आणि पुष्कळ झाडे वाचली. काही वाचली नाहीत. रानात मधे मोठे भगदाड पडले आहे, दुपारचे ऊन आता थेट जमिनीवर येते.

ताईंनी पुढे कानांना यंत्रे लावली. ती लावून मला कानात घालता येत नाही. एके दिवशी त्या चौकीत आल्या, मला मऊ कापडाने पुसले आणि संपतच्या हातात दिले. “दवाखाना इथे चालव,” एवढेच म्हणाल्या. त्या अजून रोज येतात. माझ्याकडे बघतात, पण हात लावत नाहीत.

केतकरांनी जुन्या पाट्या काढून नवी पाटी लावली आहे : ‘बुडाशी भुसा दिसल्यास झाडून टाकू नये. चौकीत सांगावे. सालीवर नाव कोरणाऱ्यानेही सांगावे, लाज वाटल्यास नाव सांगू नये.’

मित्रांनो, तुमच्या वाटेवरही झाडे असतील. ती उभी आहेत, हिरवी आहेत, फुलली आहेत, म्हणून बरी आहेत असे धरून चालू नका. सालीला खिळा ठोकू नका, ती एवढीशी जखमही आत जाणाऱ्याला पुरते. बुडाशी भुसा दिसला, साल ओली दिसली, शेंडा वाळलेला दिसला, तर थांबा आणि कुणाला तरी बोलवा. आणि तुम्हाला एखादी गोष्ट ऐकू आली नाही, दिसली नाही, कळली नाही, तर तसे सांगा. उल्काताईंना ते सांगताना काय वाटले असेल, ते त्यांच्या छातीवर टेकून मी ऐकले आहे.

या पावसाळ्यापूर्वी संपत पुन्हा फेरी करतो आहे. आज सकाळी त्याने मला मधल्या भगदाडाच्या कडेच्या एका तरुण सावरीला लावले. तिच्या अंगावर अजून काटे आहेत, त्यामुळे चकती टेकायला जागा शोधावी लागली. संपतने श्वास रोखला. आम्ही दोघांनी फार वेळ ऐकले. आत काही नव्हते. मग त्याने शहानिशा करायला केतकरांना बोलावले, कारण एका माणसाच्या कानांवर आता इथे कुणी भरवसा ठेवत नाही. केतकर चढ चढून येत आहेत, आणि ते येईपर्यंत मी त्या सालीला टेकून, घाबरत, ऐकतो आहे.